आठवा शिक्का

फ्रीसलंड, रविवार, १२ फेब्रुवारी २०१२

प्रिय हिल्केताई,

तुझा गुडघा कसा आहे, कॅनडात थंडी किती, सगळं विचारायचंय, पण आधी बातमी ऐक: कालवा गोठला! काल आपली आठ गावांची फेरी निघाली. दुकानं बंद, बेकरी बंद, अख्खं गाव बर्फावर. बाबांच्या स्केट्सची पाती गंजली होती, ती मी आठवडाभर घासत बसले होते.

आणि मी सात गावं केली, ताई! कार्डावर सात शिक्के! केमो संपून वर्षसुद्धा झालेलं नाही.

शेवटच्या पुलाखाली बर्फ पातळ होता, म्हणून सगळ्यांसारखी मीही स्केट्स घालूनच, पाती बोथट होऊ नयेत म्हणून काठावर अंथरलेल्या सतरंजीवरून चालले. वीसच पावलं. मग सूपच्या टेबलाशी बसावंच लागलं. शेजारचा मिशीवर बर्फ साचलेला माणूस वळला, तर माझे हृदयाचे डॉक्टर, वीब्रेन! गुरुवारी त्यांच्याकडे माझी इको तपासणी होती. मी बर्फासाठी बुडवली होती.

"गुरुवारी कोणीच आलं नाही, नर्ससुद्धा नाही," ते म्हणाले. "पण त्यांच्यातल्या कुणाला अशी धाप लागलेली नाही."

त्यांनी माझा घोटा अंगठ्याने दाबला. खळगा पडला, तो भरेचना. ही सूज कधीपासून, असं त्यांनी विचारलं. नाताळपासून, मी म्हणाले.

केमोतलं ते लाल औषध गाठ मारतं, पण जाता जाता हृदयाच्या पेशींत ऑक्सिजनचे उपद्रवी कण सोडतं, असं ते म्हणाले. मग माझ्या स्केट्सवर उरलेल्या गंजाच्या डागांकडे बोट दाखवलं. "असाच गंज चढतो. हृदय घासून मिळत नाही, पण वेळेवर कळलं तर गोळ्यांनी सावरता येतं."

ताई, जानेवारीत "हृदय ठणठणीत" असं लिहिलं ते खोटं होतं. तेव्हाची तपासणीही मी टाळली होती. एक दुखणं जेमतेम गेलंय, तोच दुसरं कुणी काढू नये, एवढंच वाटत होतं. मला भीती वाटते गं.

पुढे बर्फावरून त्यांनी मला पायांनी जाऊ दिलं नाही. लहान मुलं स्केटिंग शिकताना ढकलतात ना, तशा स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर मला बसवलं आणि स्वतः ढकलत नेलं. काठावरचे लोक हसून लोटपोट, मीही! आठव्या टेबलावर बाई शिक्का मारणार, तेवढ्यात डॉक्टरांनी कार्ड ओढून घेतलं. "हा हिने पायांनी कमवायचा," म्हणाले, आणि रिकाम्या चौकोनात लिहिलं: सोमवार, सकाळी नऊ.

म्हणजे उद्या. दुपारी तू फोन कर. तुझा आवाज ऐकला की मला खोटं बोलता येत नाही, म्हणून तर वर्षभर पत्रंच लिहिली.

सात शिक्क्यांची, तुझी
फ्राउके