नदीपार सोडलेली मांजर

माय,

त्या दुपारी परसदाराची कडी मी काढली होती. तू विसरली नव्हतीस. हे आधीच सांगून टाकते, आणि मी माफी मागायला बसले आहे असं मुळीच समजू नकोस. तीच दुपार पुन्हा आली तर पुन्हा काढीन.

प्लेगच्या साली सगळं गाव शेतात झोपड्या घालून राहिलं. आपण निघालो ते धाकट्या भावाला पुरून आल्यावर. त्याच्या अंथरुणाखालचा मेलेला उंदीर तुलाच सापडला होता. ही पिवळी मांजर मला शेतात मिळाली, कडब्याच्या गंजीत जन्मलेली, भिंत म्हणजे काय ते न पाहिलेली. गावात परतायचं ठरलं तेव्हा मी तिला पोटाशी धरून बसले. तू म्हणालीस, "ती उंदीर खास. मन्हा घरमा नको." उंदीर खाणारं जनावर तुला घरात नको होतं. मी हट्टाला पेटले, दोन दिवस भाकरीला शिवले नाही. शेवटी तू अट घातलीस: घरात आणायची तर तिचा पाय पुन्हा बाहेर पडता कामा नये. बा हसला. "मांजर कधी बांधाई ऱ्हास का?" म्हणाला.

पण मांजर कशी माणसाळवायची ते तुलाच ठाऊक होतं, हेही खरं. "आखं घर एकदम दखाडू नको, ती बावरी जाई," म्हणालीस आणि धान्याची खोली रिकामी करून दिलीस. फुटक्या घमेल्यात चुलीतली राख घातलीस, तिच्या घाणीसाठी. माझा जुना परकर कोपऱ्यात अंथरलास, म्हणजे ओळखीचा वास राहील. तीन दिवस ती नुसती ओरडते आहे. दार ओरबाडते आहे, दूध पालथं करते आहे, आणि मी दाराशी बसून तिच्यापेक्षा मोठ्यानं रडते आहे. तू दोघींनाही दाद देत नाहीस. चौथ्या दिवशी तिनं दुधात कुस्करलेली भाकरी माझ्या हातून खाल्ली. मग मी दोरीला कापसाचं बोंड बांधून तिला खेळवू लागले. आठवड्यानं ती स्वयंपाकघरात आली, मग ओसरीवर, सगळी दारं लावून. एकदा तू तूर निवडत बसली होतीस आणि ती सरळ येऊन तुझ्या मांडीवर झोपली. तुझा हात तिच्या पाठीवर गेला. धाकटा गेल्यापासून तो हात मी कुणाच्या पाठीवर पाहिला नव्हता, माझ्याही नाही.

तरी ती खिडकीत बसायची ना, माय! गजांमागे तासन् तास, चिमण्यांकडे बघत, शेपटीचं टोक हलवत. मला ते बघवेना. तू चुलीशी होतीस, बा शेतावर. मी कडी काढली, दार बोटभर ढकललं आणि जात्याशी येऊन बसले. म्हटलं, आता तिला घर कळलंय, येईल.

आणि ती आली! ऊन उतरायच्या आत आली. तोंडात उंदीर घेऊन आली आणि तो तुझ्या पायाशी ठेवून तुझ्याकडे बघत बसली. तू किंचाळलीस. चिमट्यानं तो उंदीर उचलून रॉकेल ओतून जाळलास, उंबरा दोनदा सारवलास आणि बा येताच म्हणालीस, "नदीपार सोडी ये. आत्तेच." मी दारात आडवी झाले. "ती घर वनी ना माय!" म्हणून ओरडले, घरी आली ना ती. तू फाडकन् मुस्काटात दिलीस. "मन्हा एक पोऱ्या गया. आते तुले बी दिऊ का?"

बानं तिला पोत्यात घातलं आणि नावेतून तापी ओलांडून सारंगखेड्याच्या काठावर सोडून आला. पाणी ओलांडलं की मांजर परतत नाही म्हणतात. ही परतली नाही. तू बरोबर होतीस, असल्या उंदरानंच घरं बसली, असं आज मला कुणीही शिकलेला माणूस सांगेल. सांगू दे. तू उंदीर पाहिलास. मी पाहिलं की रान मोकळं असताना ती आपल्या घरी आली. एवढ्यासाठीच तर महिनाभर खपलो होतो आपण दोघी. त्याच दिवशी तिला बाहेर काढणं हा अन्याय होता, आणि तो तू केलास.

मग मला ताप भरला तेव्हा तू उशाशी बसून सारखं म्हणत होतीस, "कडी मन्हाकडथीनच उघडी राही गयी." मी डोळे मिटून ऐकत होते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तशी बरी झाल्यावरही तुझ्यावरच रुसून राहिले. त्यानंतर तू मला कधी मारलं नाहीस. शाळेत जाते म्हटलं, तर बाशी भांडून पाठवलंस. मुलांच्या शाळेत मी एकटी पोरगी. आज हे लिहिता येतंय ते त्यामुळे. तुला मात्र वाचता येत नव्हतं आणि तू जाऊनही वीस वर्षं झाली. हा कागद कुठे जायचा नाही.

सांगायला वेळ पुष्कळ होता, माय. तू स्वतःला दोष देत होतीस तोवर माझा प्रत्येक शब्द झेलत होतीस. मला ते फार आवडायचं, म्हणून सांगितलं नाही.