भिंगरीनं ठेवलेलं नाव

अगं,

दूध तापवलंय. भिंगरीच्या कानातलं मशीन ड्रॉवरमध्ये आहे. नको म्हणाली तर बळजबरी करू नकोस. हो, मीच सांगतोय.

ओव्हरटाइम वगैरे काही नाही, मी तिच्या शाळेत चाललोय. तिथे रविवारी पालकांना हातांनी बोलायला शिकवतात. हा चौथा रविवार. जमलं नाही तर तू हसशील, म्हणून खोटं सांगत होतो.

मी घरी आलो की ती दोन्ही तळवे तोंडासमोर उघडून धरते ना? इतकी वर्षं मला वाटायचं, ‘बाबा’ म्हणते. मागच्या रविवारी बाईंना ऐटीत करून दाखवलं. त्या म्हणाल्या, “हे बाबा नव्हे हो, पेपर! घरी फार वाचता वाटतं?” सगळे हसले. मीही हसलो.

तुला माहीत होतं. जेवताना तुम्हा दोघींच्या हातांनी गप्पा चालायच्या आणि मी पेपरात तोंड खुपसून बसायचो. एक अक्षर वाचत नव्हतो.

आजच्या पेपरची घडीसुद्धा मोडलेली नाही. माझं नाव बदल म्हणून तिला सांगू नकोस. तिला वाटेल तेव्हा बदलेल. तोवर त्याच नावाला ओ देईन. हातानं ओ कशी देतात, ते आज बाईंना विचारून येतो.