वोल्गाचं नवं तोंड

४ ऑक्टोबर, गुरुवार

आजपासून रोजनिशी. मी शांत डोक्याचा माणूस आहे, आणि शांत डोक्याच्या माणसानं मोठं काम हातात घेताना सगळं लिहून ठेवावं.

काम: बाबांच्या जुन्या वोल्गा गाडीला नवं तोंड बसवणं. मुदत: २४ नोव्हेंबर, बाबांना जाऊन वर्ष होतंय त्याचं जेवण.

जुनं तोंड कसं गेलं ते इथे लिहिण्याची गरज नाही. कोपऱ्यावरचं पॉप्लरचं झाड मुळातच चुकीच्या जागी लावलंय, एवढं पुरे. ग्रिल गेली, बंपर गेला, डावा मडगार्ड गेला, डावा हेडलाईट गेला. बोनटला पोक आलंय, ते ठोकून निघेल.

दुपारी बिश्केकहून इशेनबायदादाचा फोन. म्हणाला, जेवणाच्या दिवशी आई कब्रस्तानात बाबांच्याच गाडीतून जाईल, असं तू चारचौघांत छाती ठोकून सांगितलंयस. गाडी उभी राहिली नाही तर आईला हिवाळ्यासाठी मी घेऊन जाणार. ज्याला गाडी सांभाळता येत नाही, त्याच्या गळ्यात म्हातारी कशाला?

मी म्हटलं, दादा, घर धाकट्याचं, आई धाकट्याची, ही आपल्याकडची रीत. माझं नावच केंजेबेक. सगळ्यात धाकटा. तो म्हणाला, नाव बाबांनी ठेवलं, त्यात तुझं काय कर्तृत्व? मी ताडकन फोन ठेवला. (त्याच्या बाजूनं आधीच कट झाला होता.)

आई धाकट्याला सोडून थोरल्याकडे गेली तर आमच्या सरोवराकाठच्या बालिकची गावात मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. म्हणून गाडी होणार म्हणजे होणारच.

गुरुवार असल्यामुळे संध्याकाळी बायकोनं, अनारकुलनं, तेल तापवून पिठाच्या चकत्या तळल्या. तेलाचा वास सुटला की घरातली गेलेली माणसं येतात, वासानं तृप्त होतात आणि परत जातात. आई कणीक मळून देते आणि पलीकडच्या गल्लीतल्या बुरुलचाकाकूंकडे कुराण ऐकायला निघून जाते. दर गुरुवारचं आहे हे.

चकत्या तळून होतायत तोच गाडीच्या शेडमधून हॉर्न वाजला. दोनदा आखूड, एकदा लांब. बाबा फाटकाशी येऊन अगदी असाच वाजवायचे.

शॉर्टसर्किट. वीज खात्यात उभा जन्म काढलाय मी. उद्या बघतो.

५ ऑक्टोबर

वायरिंग बघितलं. कुठेही दोष नाही. म्हणजे दोष खोलवर आहे.

९ ऑक्टोबर

तोकमोकला गेन्नादीच्या भंगारात गेलो. त्यानं विचारलं, कुठलं तोंड पाहिजे? पहिल्या वोल्गांना ग्रिलवर चांदणी, दुसऱ्यांना शार्कसारखे रुंद दात, तिसऱ्यांना बारीक बारीक उभ्या काड्या. म्हटलं, मला काय विचारतोस, बाबांची गाडी आहे, झोपेतसुद्धा ओळखीन. शार्क उचलला. काय रुबाबदार दिसतो!

गेन्नादी म्हणाला, ज्या गाडीचा हा आहे तिचा मालक स्टिअरिंगवरच गेला, पण अगदी शांतपणे. हे त्यानं मालाचा गुण सांगावा तसं सांगितलं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही.

१० ऑक्टोबर

आपली तिसरी आहे. काड्यांची.

भोकं जुळत नाहीत. कानशीनं जुळवता येतील. अनारकुल ती ग्रिल फाटकाच्या आत घेऊ देईना. आर्चाच्या झाडाच्या फांद्या पेटवून तिला धूर दिला, मलाही दिला, मग दोघांना आत सोडलं. मी खोकत होतो आणि ती म्हणत होती, खोक, खोक, जे काय असेल ते बाहेर पडू दे.

११ ऑक्टोबर, गुरुवार

वाजला. दोन आखूड, एक लांब. थोड्या वेळानं पुन्हा.

अनारकुल म्हणाली, जाऊन बघा तरी. मी म्हटलं, बघायचं काय त्यात? ती म्हणाली, मग मी जाते. मी तिला जाऊ दिलं नाही. बायामाणसांनी शॉर्टसर्किटजवळ जाऊ नये. ती झारा आपटून कढईकडे वळली.

१४ ऑक्टोबर

विचारांती कारण सापडलं. बाबांना शार्क पसंत नाही. जेवताना आईला सहज विचारलं, बाबांना दातवाली ग्रिल आवडली असती का गं? आई म्हणाली, त्यांना कसली आवड आणि कसली निवड? गाडी चालली पाहिजे आणि दार उघडलं पाहिजे, बस. आई आता थकलीय, मुद्द्याचं बोलत नाही.

शार्क मागच्या सीटवर टाकला.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

आज प्रयोग. सकाळीच बॅटरीची वायर काढून ठेवली. संध्याकाळी हॉर्न वाजला नाही. शॉर्टसर्किट सिद्ध! मी अनारकुलला म्हटलं, बघितलंस, विज्ञान.

पण घर उगीचच ओकंबोकं वाटलं. वारा सरोवराकडून येत होता आणि शेडचं पत्र्याचं दार आपटत होतं. कुणीतरी दाराशी येऊन, आत न बोलावल्यामुळे मागच्या मागे निघून गेल्यासारखं वाटलं. आईनं जेवणाला हात लावला नाही. बुरुलचाकाकूंकडे काहीतरी खाल्लं असेल.

१९ ऑक्टोबर

वायर परत जोडली. हेडलाईट तपासायला लागतेच.

२२ ऑक्टोबर

गेन्नादीनं काड्यांची ग्रिल पाठवली. मधल्या काड्या गायब. समोरून बघितलं तर म्हाताऱ्याचं बोळकं. मागच्या सीटवर टाकली. कोळसाही आला आज. पोती गाडीच्या उजव्या अंगाला रचून टाकली, म्हणजे शेडमध्ये वावरायला जागा होते.

२५ ऑक्टोबर, गुरुवार

वाजला. या वेळी मी धाडस करून अंगणात गेलो. शेडपर्यंत जायची आवश्यकता वाटली नाही. फटीतून दिसलं तेवढं पुरे: गाडीत कुणीतरी बसलंय. डोक्यावर पांढरं.

बाबांची पांढरी टोपी.

पण बसले होते ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर. बाबांनी जन्मात कधी दुसऱ्याला स्टिअरिंग दिलं नाही. मग लक्षात आलं. मेलेल्या माणसाचं लायसन रद्द होत असणार.

घाबरलो वगैरे नाही. पाय मात्र गार पडले होते, कारण मी चपलेवर गेलो होतो. बुटांची सवय लावली पाहिजे.

२६ ऑक्टोबर

ठराव: १. बाबांना घाबरायचं कारण नाही, ते आपलेच आहेत. २. त्यांच्या बसण्यात व्यत्यय आणायचा नाही. ३. कामाचा हिशेब त्यांना वेळच्या वेळी द्यायचा, म्हणजे राग राहणार नाही.

अनारकुलला पांढऱ्या टोपीचं सांगितलं. तिनं हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, टोपीच होती का? मी म्हटलं, मग काय पातेलं असेल? ती म्हणाली, पुढच्या गुरुवारी आत जा, माझी शपथ आहे तुम्हाला. बायकांना शपथा घालायला काय जातं!

१ नोव्हेंबर, गुरुवार

हॉर्न वाजल्याबरोबर पायरीवर जाऊन उभा राहिलो आणि मोठ्यानं सांगितलं, बाबा, ग्रिलचा शोध चालू आहे, काराकोलला एक जण आहे, लग्नाला गाड्या भाड्यानं देतो, त्याच्याकडे अख्खी आहे. बंपर ठरलाय. जास्त रागावू नका.

आतून काही आवाज नाही. मग हॉर्न एकदाच, अगदी हळू. पोच मिळाली.

६ नोव्हेंबर

काराकोलची ग्रिल. सगळ्या काड्या जागच्या जागी! तिच्यात अजून लग्नाच्या रिबिनीचे धागे अडकलेले होते. पहिल्या फटक्यात बसली. मला रडू आलं, खरंच सांगतो. बाबा शनिवारी तिला जुन्या मोज्यानं पुसायचे, एकेक काडी, आणि मी बादली धरून उभा असायचो. माझ्याकडे बघायचे नाहीत. पण बादली मीच धरायची असायची, इशेनबायदादानं नाही.

आई काठी टेकत आली, ग्रिलवरून बोटं फिरवली आणि म्हणाली, बरं केलंस, बाळा. दादाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, चालते का? मी म्हटलं, तोंड आधी, चालणं मागाहून.

१२ नोव्हेंबर

हेडलाईट बसवला. डावा डोळा आकाशाकडे बघतो. डोंगरी रस्त्याला बरंच आहे.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

वाजला. पायरीवरून हिशेब दिला: बंपर बसला, मडगार्ड तेवढा बाकी, पुढच्या आठवड्यात येतो. आता सवय झालीय. खरं म्हणजे बाबा जिवंत असताना आमचं इतकं बोलणं कधी झालं नव्हतं.

२१ नोव्हेंबर

मडगार्ड आला आणि बसला! थोडा लांब होता, मागून हातोडीनं पटवला. कारखानेवाले मडगार्ड आणि दार यांच्यामध्ये करंगळी जाईल एवढी फट सोडतात. निष्काळजीपणा, दुसरं काय! मी नखभरसुद्धा फट ठेवलेली नाही. दार जरा जोरात ओढावं लागतं, पण एकदा लागलं की तिजोरीसारखं लागतं.

अनारकुल भावाकडे गेलीय, शनिवारच्या जेवणासाठी मोठी पातेली आणायला. जाताना म्हणाली, उद्या गुरुवार आहे, तेल तुम्हीच तापवा. आणि आत जा.

२२ नोव्हेंबर, गुरुवार, संध्याकाळ

आई कणीक मळून बुरुलचाकाकूंकडे गेली. मी तेल तापवलं. पहिला घाणा करपला, वास जोरदार सुटला.

हॉर्न सुरू झाला. आज निराळंच. दोन आखूड एक लांब नाही, नुसता लांब. थांबून पुन्हा लांब. मग लागोपाठ. बाबांनी मडगार्ड बघितला असणार. आनंद झाला की त्यांना आवरत नसे.

थंडी मरणाची पडलीय. पायरीवर गेलो नाही. खिडकीतून ओरडून सांगितलं, आवडला ना बाबा? दुसरा घाणा टाकला. हॉर्न चालूच. तिसरा टाकला. म्हटलं, आज पोटभर वास घेऊ देत.

हळूहळू आवाज बारीक होत गेला, डासासारखा, आणि थांबला. तृप्त झाले. इतकं समाधान मला गेल्या वर्षभरात वाटलं नव्हतं. गाडी पूर्ण, बाबा शांत, आई माझ्याकडे.

फाटकाशी गाडीचा उजेड दिसतोय. दादा आला वाटतं.

२३ नोव्हेंबर

लिहायचं नव्हतं. पण लिहायचं ठरवलं होतं.

दादानं आल्या आल्या विचारलं, आई कुठाय? म्हटलं, बुरुलचाकाकूंकडे. तो म्हणाला, अरे, बुरुलचाकाकू दोन महिने झाले नारिनला लेकीकडे आहेत. मलाच फोन केला होता त्यांनी. मी म्हटलं, असं कसं? तेवढ्यात शेडमधून ठकठक ऐकू आली. दादा पळाला. मी त्याच्या मागून.

दार उघडेना. मडगार्डच्या खाली अडकून बसलं होतं. उजवीकडे कोळशाची पोती. मागचं दार उघडलं तर मागची सीट छतापर्यंत नापसंत ग्रिलांनी आणि काढलेल्या जुन्या पत्र्यांनी भरलेली. दादानं पहार घातली, माझा मडगार्ड खेचून बाजूला वाकवला, तेव्हा दार सुटलं.

आई शेजारच्या सीटवर होती. पांढरा रुमाल डोक्याला, बाबांचा जुना कोट गुडघ्यांवर. ओठ निळे. दादानं तिला मुलासारखं उचललं. त्याच्या खांद्यावरून तिनं माझ्याकडे बघितलं. चिडली असती तर बरं झालं असतं.

"मी दर गुरुवारी त्यांना हाक मारायचे," ती म्हणाली. "ते आले नाहीत. ते मेलेत, त्यांना माफ आहे. तू तर घरात होतास, केंजे. तुझा आवाज मला ऐकू येत होता."

डॉक्टर येऊन गेले. बोटं वाचतील म्हणाले. अनारकुल पातेली घेऊन आली, तिला सगळं कळलं, आणि ती पातेली दारातच ठेवून आईपाशी जाऊन बसली.

२४ नोव्हेंबर

जेवण झालं. माणसं भरपूर आली. मटण कमी पडलं नाही.

पहाटे उठून मडगार्ड ठोकून सरळ केला, तारेनं बांधला, दादाच्या गाडीवरून बॅटरीला जोर दिला. वोल्गा पहिल्या चावीला सुरू झाली. फाटकासमोर उभी केली. ऊन ग्रिलवर पडलं होतं. सगळे म्हणाले, वा केंजेबेक, वा.

आई दादाच्या हाताला धरून बाहेर आली. गाडीसमोर थांबली. "तोंड छान झालंय," म्हणाली, आणि दादाच्या टोयोटात जाऊन बसली. गाड्यांची सगळी रांग तिच्या मागून कब्रस्तानाकडे गेली. वोल्गात मी एकटा होतो. संध्याकाळी आई तशीच पुढे दादाबरोबर बिश्केकला गेली.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

आई फक्त हिवाळ्यापुरती गेलीय. मार्चमध्ये येईल. तोवर मागचा बंपर बघायला हवा.

दुपारी फोन केला. तिथे खोल्या उबदार आहेत म्हणाली. मी विचारलं, कधी येतेस? ती म्हणाली, दाराला फट केलीस का? मी म्हटलं, केली, अख्खी करंगळी जाते. ती म्हणाली, हो का, आणि फोन दादाकडे दिला. दादा मार्चबद्दल काही बोलला नाही.

अनारकुलनं तेल तापवलं. मी शेडमध्ये गेलो, शेजारच्या सीटवर बसलो आणि दार ओढून घेतलं. हॉर्नला हात लावला नाही. अंधारून येईपर्यंत बसलो. बाबा आले नाहीत. गाडीत कोळशाचा आणि ओल्या रबराचा वास होता, बाकी काही नव्हतं. ते इथे कधीच आले नव्हते. मी महिनाभर पायरीवरून आईशी बोलत होतो.

मग पावलं वाजली. अनारकुल होती, पिठाचे हात घेऊन. काचेतून म्हणाली, उघडतं का?

मी आतून उघडून दाखवलं. तिनं बंद करून पुन्हा उघडायला सांगितलं, तेही दाखवलं.