माझ्या तारा, दादाची छाती

३ फेब्रुवारी

भेटली! ग्रंथालयाच्या जिन्यावर, केस कापून आलेली. आणि छातीत काहीच नाही. ढिम्म! ती निघून गेली, मी बसस्टॉपवर एकटा बसलो, तेव्हा कुठे धडधड सुरू. बसवलेल्या हृदयाच्या नसा कापलेल्या असतात. बातमी रक्तातून सावकाश पोचते. डॉक्टरबाईंनी शंभरदा सांगितलंय. पण प्रेमात पडलेल्याला असलं हृदय द्यायचं म्हणजे थट्टाच की!

तिचे बाबा म्हणाले म्हणे, "कॉलेज अर्धवट, हृदय दुसऱ्याचं. काय बघून मुलगी द्यायची?" जाऊन कॉलरच धरणार होतो. तिनं अडवलं. "भांडू नकोस रे. सगळं ठीक आहे असा रिपोर्ट आण. मी दाखवते त्यांना."

६ फेब्रुवारी

ठीक कुठंय? मधूनच बटण दाबल्यासारखं फडफडतं. चढत चढत नाही — एकदम सुरू, एकदम बंद. दुखत मात्र नाही. नसाच नाहीत, दुखणार कुठून!

आईनं बाईंना सांगून टाकलं. फितूर! बाईंचा चेहराच उतरला. "एकदम सुरू होतं ना? मग हे जिना चढल्याचं नाही नि तुझ्या रागाचंही नाही. शरीर हृदयाला परकं म्हणून हाकलायला लागलं, की कधीकधी पहिली खूण हीच." छातीवर तारा चिकटवून ठोके नोंदवणारं मशीन दिलं. उद्यापर्यंत काढायचं नाही. नोंद वाईट निघाली तर मानेतल्या शिरेतून तार घालून तपासणीसाठी हृदयाचा कण काढणार.

वाईटच निघणार. मग कसला रिपोर्ट आणि कुठली ती!

घरी येऊन तारा उपटल्या. दादाला लावल्या. आधी म्हणाला, "डोकं फिरलंय का तुझं?" मी म्हटलं, तिचं दुसरीकडे ठरवतील रे. तो शर्टाची बटणं काढायला लागला. "नीट चिकटव हं. नाहीतर तुझ्या नावावर रेड्याचा रिपोर्ट यायचा!"

भाऊ असावा तर असा. माझं जुनं हृदय फुगून निकामी झालं तेव्हा बाईंनी घरातल्या सगळ्यांना तपासून घ्या म्हणून सांगितलं होतं. आई गेली. हा गेलाच नाही. "मला काय धाड भरलीये!"

७ फेब्रुवारी

मशीन परत दिलं. तिला कळवलं — सोमवारी रिपोर्ट. तिचे तीन हसरे चेहरे आले.

१० फेब्रुवारी

पकडला गेलो. बाईंनी आकडे वरवर चाळले आणि माझ्याकडे बघत राहिल्या. "झोपेत बावन्न? तुझे ठोके ऑपरेशन झाल्यापासून नव्वदच्या खाली गेलेत कधी? जिना चढला की लगेच वर, बसला की लगेच खाली! या हृदयाच्या नसा शाबूत आहेत. कुणाचं आहे हे?"

मी नाव घेतलं नाही. मीच ओरडलो उलट — तुम्हाला काय कळतं, तुमचं कुणी लग्न मोडलंय का? बाई म्हणाल्या, "ओरडून झालं? आता झोप इथे." भरती. खऱ्या तारा. संध्याकाळी फडफड पडद्यावर सगळ्यांना दिसली.

१२ फेब्रुवारी

मानेत तार गेली. कण काढला. शरीर हृदय हाकलतंय, हे नक्की. जालीम औषधं सुरू. "हे थांबेल का?" आईनं विचारलं. बाई म्हणाल्या, "बघू." बघू म्हणजे काय ते मला माहीत आहे.

१३ फेब्रुवारी

तिचा निरोप. बाबा नाही म्हणाले. मग खाली — "मलाही झेपत नाहीये रे."

चार वेळा वाचलं. छाती ढिम्म. अर्ध्या तासानं धडधड आली, तेव्हा रडूसुद्धा संपलं होतं.

१४ फेब्रुवारी

बाई सकाळीच आल्या. माझे कागद उघडलेही नाहीत. "ती खोटी नोंद खोडायला घेतली होती. खोडण्याआधी पूर्ण पाहिली. मशीन कुणाला लावलं होतंस?"

मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"भांडायला नाही आले. झोपेत त्याच्या हृदयाच्या खालच्या कप्प्यातून भलतेच ठोके सुटलेत, ओळीनं. तुझ्या जुन्या हृदयातून सुटायचे, अगदी तसेच. कोण आहे तो?"

दादा दारातच उभा होता, दोन्ही हातांत चहाचे कप.

"मी," म्हणाला. "का हो, काय झालं?"