मर्वच्या रुळांवरचा गोंद

वॅरिंगा,
१९ ऑगस्ट १९९८

प्रिय मर्व,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. तू आणि थेल्मा बरे असाल. इकडे आमची बेरिल आता काठी टेकत फाटकापर्यंत जाते. लिंबाला यंदा इतकी फळं आलीत की पिशव्या भरून कुंपणावर अडकवतो, येणारेजाणारे नेतात. आपल्याकडची ऑगस्टची थंडी मात्र हाडात शिरते.

चार पानं लिहिलीस, पण मुद्द्याचं विचारलंयस एकच. 'क्लॅरी, तुझ्याकडून चुकलं की तू मुद्दाम केलंस?'

सांगतो.

माझी फळीवरची छोटी रेल्वे क्लबात सगळ्यांत कमी आवाजात धावते, म्हणून तर तुझीचा आवाज कसा घालवायचा ते मार्चमध्ये तू मला विचारलंस. ती मी बेरिलसाठी गप्प केली. तिची शिवणाची खोली भिंतीपलीकडेच. मला स्वतःला त्या गाड्यांचा आवाज कधी आलाच नाही. मी फळीवर तळहात ठेवायचो, चहाचा कप ठेवून बघायचो. गाडी गेली की चहावर वर्तुळं उठायची. ती उठेनाशी होईपर्यंत दोन वर्षं खपलो. रुळांखाली बुचाच्या पट्ट्या, फळीखाली जुना गालिचा. रूळ नीट चिकटले की स्क्रू काढून टाकायचे. आणि खडीला रबरी गोंद, वाळला तरी मऊ राहणारा.

तुला मी बहुतेक सगळं खरं लिहिलं. फक्त स्क्रू तसेच राहू दे म्हटलं. आणि खडीवर सुताराचा पांढरा गोंद पातळ करून ओत, हात आखडू नकोस, क्लबच्या जूनमधल्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशीच ओत, म्हणजे ताजा दिसेल, असं लिहिलं. तो वाळला की दगड होतो, मर्व. चाकांचा सगळा हादरा थेट फळीत उतरतो आणि फळीचा ढोल होतो. मला ठाऊक होतं. चूक नव्हती.

तुझं मार्चमधलं पत्र आलं त्याच सकाळी बेरिल धुणं धुताना पाय घसरून पडली. खुबा मोडला. मी शेडमध्ये, बारा पावलांवर, इंजिनाला तेल घालत होतो. ती हाका मारत होती. दोन तास. शेवटी टपालवालीनं येऊन माझा खांदा हलवला. तिच्या हातात तुझं पाकीट होतं. इस्पितळाच्या बाकावर ते फोडलं. 'दोस्ता, आवाज कमी करण्यातलं तुझ्याइतकं कुणाला कळतं?'

खरंच कुणाला कळणार! कारखान्याच्या बॉयलर शॉपमध्ये सव्वीस वर्षं मी लोखंडी पत्र्यांत रिव्हेट ठोकले, त्यात कान गेले, आणि तू काचेच्या खोलीत फोरमन होतास. मग भरपाईच्या सुनावणीत नवा कोट घालून उभा राहिलास. 'कानाचे टोप प्रत्येकाला दिले होते, साहेब. क्लॅरी घालायचा नाही. केस विस्कटायचे ना त्याचे.' सगळे हसले. का हसले ते बाहेर आल्यावर बेरिलनं कागदावर लिहून दाखवलं. माझा दावा तिथेच बुडाला. माझ्यापाठोपाठ आपल्याच शॉपमधल्या स्टॅव्हरोचा आणि इतर तिघांचाही.

मला फक्त तुझी फजिती हवी होती. जूनमध्ये प्रदर्शनाला शॉपमधली जुनी मंडळी हॉलमध्ये जमणार, त्यांच्यासमोर. तू गाडी सोडलीस. मला काही ऐकू आलं नाही, पण बायका कानांवर हात ठेवून मागे सरकल्या. स्टॅव्हरोला उरल्यासुरल्या कानानंही ऐकू गेलं. 'अरे मर्व, बॉयलर शॉप पुन्हा उघडलंस का रे? हजेरी लावू का?' हॉलभर हशा. तेवढ्यावर मी समाधानानं घरी गेलो असतो.

पण तुला तो आवाज दहा मिनिटंही सोसवला नाही. खाली वाकलास, पेटीतून पिवळे टोप काढलेस आणि कानांवर चढवलेस. त्यांवर आपल्या शॉपचा शिक्का. कोरे करकरीत.

स्टॅव्हरोनं तुझ्या एका कानावरचा टोप वर उचलला. 'हे कुठले?'

'जुने आहेत रे. घरी पडून होते.'

आणि थेल्मा, लॅमिंग्टन केकचं ताट हातात धरून, बिचारी म्हणाली, 'अजून खोकंभर आहेत की गॅरेजमध्ये. पिशव्यासुद्धा फोडलेल्या नाहीत. तुम्हाला हवेत का?'

हे सगळं बेरिलनं मला तिथेच लिहून दिलं. तो कागद मी जपून ठेवलाय.

प्रत्येकाला 'दिलेल्या' टोपांचं ते खोकं आता स्टॅव्हरोकडे आहे. थेल्मानं स्वतः उचलून दिलं, हे तू पत्रात लिहिलं नाहीस. आम्ही पाच जणांनी सह्या करून पुन्हा सुनावणीचा अर्ज दिलाय. तुला बोलावणं येईल. या खेपेला कोट कुठला घालायचा ते तूच ठरव.

तू विचारलंयस, हे निस्तरायचं कसं. खडी गरम पाण्यानं भिजव, तासभर थांब, मग सुरीनं उचल. एकेक वीत घे. नाताळपर्यंत सुटेल सगळं. तुझं निस्तरता येतं.

बेरिलनं हे पत्र वाचलं. कागदावर लिहिलं, 'थोडं मऊ लिही रे. आपल्या लग्नात दोस्त म्हणून तुझ्या शेजारी उभा होता तो.' मी पुन्हा वाचून पाहिलं. एक शब्द बदलला नाही.

'तुझा' असं लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतं नाव लिहितो.

क्लॅरेन्स बड
रिव्हेटर, बॉयलर शॉप