हळद थांबेल अशी भिंत

प्रिय खुशबू,

बैठकीतला दिवाण, देवघराचं दार, ओसरीतला झोपाळा आणि घरातल्या एकूण एक भिंतीचा रंग, हे सगळं माझ्या हातचं. कुणी शिकवलं नाही. साकोलीत दुसऱ्यांची कामं उभ्या उभ्या बघून शिकलो. बैठकीच्या ऑइल पेंटच्या भिंतीत तर तू शाळेत जाताना वेणी बघायचीस. अख्ख्या सानगडीत तशी चकाकी नव्हती. तुला हे माहीत आहे. तरी लिहितो, कारण ती चकाकी आता राहिलेली नाही.

मध्ये मी नाकाडोंगरीला कामावर होतो. परत आलो तर भिंत पांढुरकी दिसली. तुझ्या आईनं माझ्या माघारी नत्थू पेंटरला बोलावून ऑइल पेंटवर सरळ डिस्टेंपर मारून घेतलं होतं. न धुता, न घासता. दिवाण सरकवताना त्याचा कोपरा लागला आणि उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा रंग हातभर सोलून आला. मी लोखंडी पत्ती घेतली आणि उरलेला खरवडायला लागलो. नत्थू दारातच उभा होता. म्हणाला, "भाऊ, राग पोरीवरचा हाय, भिंतीवर कायले काढून राहिले?"

तू नागपूरला निकेशसोबत कोर्टात लग्न केलंस, तेव्हापासून या घरात तुझा विषय काढायचा नाही, असं मी बजावलं होतं. माझा हात थांबला. तुझी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"लेक दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेले येऊन राहिली," ती म्हणाली. "रक्षाचा हात पुसला गेला. हिचा तरी थांबू द्या. तुमच्या चकाकीले काय चाटाचं हाय?"

तुला आठवत असेल. रक्षाताई सासरी निघाली तेव्हा आपल्या घरच्या रीतीनं तिनं त्या भिंतीवर हळदीचा हात उमटवला होता. ऑइल पेंटवर हळद खाली ओघळली आणि पुढं एका ओल्या फडक्यात गेली. तुझा हात तर उमटलाच नाही. हळद धरायला मॅट, बिनचकाकीचा रंगच लागतो, एवढं तुझ्या आईला बरोबर कळलं होतं. बाकी सगळं तिनं चुकवलं होतं.

त्यानंतर उरलेला रंग मी खरवडून काढला. मी भिंत सोड्याच्या पाण्यानं धुतली, कारण तेलकटपणावर काहीच धरत नाही. मग पॉलिश पेपरनं घासत बसलो. खिडकीचा उजेड भिंतीवर पडून परत येईना, तेव्हाच थांबलो. प्रायमर लावला. मंडई जवळ येत होती आणि प्रायमर काही घाईनं वाळत नाही. आई विचारायची नाही. दारातून बघून जायची. मग मॅटचा एक हात, तो पुरता वाळल्यावर दुसरा.

आज सकाळी परीक्षा घेतली. दिवाणामागं ब्लेडनं बारीक फुली मारली, चिकटपट्टी घट्ट दाबली आणि हिसका देऊन ओढली. आई दाराची चौकट धरून उभी होती. मी पट्टी उजेडात धरून उलटसुलट पाहिली. तिच्यावर रंगाचा कणही आला नव्हता. आई चहा ठेवायला गेली.

माझं मत बदललं, असं समजू नकोस. पण मंडईला ये. निकेशलाही आण, मी बाहेर जाणार नाही. भिंतीला कुणी हात लावायचा नाही, असं सांगून ठेवलं आहे. हळद पाण्यात कालव, तेलात नको. तेलाचा डाग पसरतो. तळवा सपाट टेकव आणि सरळ उचल, घासू नकोस. हिरालाल ठेकेदार साकोलीच्या मंगल कार्यालयाचं काम घेऊन आला होता, नेमकं मंडईच्याच दिवसांतलं. सत्तर हजार देत होता. मी नाही म्हटलं.

तुझाच,
बाबा