दादाच्या डबीतल्या गोळ्या

७ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप वहिनी,

साष्टांग नमस्कार. हात सवयीने आधी ‘सौ.’ लिहून गेला, म्हणून तो कागद बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. तुम्ही, तुमचे आईवडील आणि आमची चिंगी बरी असाल असं धरून चालतो.

इकडे सगळं ठीक. स्वयंपाकघरातला नळ एकदाचा दुरुस्त झाला. खालच्या मजल्यावरच्या काकू अधूनमधून डबा देतात आणि ‘वाळलास रे’ म्हणतात. संघाचं म्हणाल तर रडतखडत चाललंय. कोचचा आवाज बसलाय, त्यामुळे मैदानावर शांतता असते. मी सध्या खेळत नाही. त्याचं पुढे लिहितो.

फोन का केला नाही, असं तुमच्या मनात येईल. फोनवर तुम्ही ‘हं’ म्हणता आणि मग मी भलतंच काहीतरी बोलून फोन ठेवतो. शिवाय क्लबचं एक पत्र तुम्हाला येणार आहे, छापील आणि सहीशिक्क्याचं. त्याच्याआधी माझं पोचावं, असं वाटलं.

वहिनी, त्या गोळ्यांचं तुम्हाला कोणी कधी नीट सांगितलंच नाही. दादाने सांगितलं असेल तर थट्टेतच. म्हणून मुळापासून लिहितो.

माणूस जोरात पळतो तेव्हा अंगात एक प्रकारची जाळपोळ होते. ती विझवणारी द्रव्यं रक्तातच असतात, त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. ज्याच्या रक्तात ती जास्त, तो खेळाडू जास्त पळतो का, कमी थकतो का, हे विद्यापीठातल्या त्या बाईंना बघायचं होतं. आम्ही त्यांना रक्तवाल्या बाई म्हणायचो. निम्म्या खेळाडूंच्या डबीत जीवनसत्त्वांच्या गोळ्या, निम्म्यांच्या डबीत तशाच दिसणाऱ्या, पण आत औषध नसलेल्या पोकळ गोळ्या. कोणाच्या वाट्याला काय, हे आम्हाला माहीत नव्हतं आणि बाईंनाही नव्हतं. ती यादी दुसऱ्याच ऑफिसात कुलपात होती.

दादा गेल्यावर त्या दिवशी क्लबच्या फाटकापाशी तुम्ही बाईंचा हात धरून विचारलंत, “काय खायला घातलंत माझ्या माणसाला?” आणि त्या मान खाली घालून उभ्या राहिल्या. तुम्हाला वाटलं, लपवतायत. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

सुरुवातीला सगळ्यांचं रक्त तपासलं तेव्हा दादाचं सगळ्यांत उत्तम निघालं होतं. आठवतं ना, जेवताना किती फुशारक्या मारायचा? “माझं रक्त बघून बाईंची सुईच लाजली.” बीपच्या तालावर पळायची परीक्षा असायची, त्यात बाकी सगळे गळपटले तरी हा पळतच असायचा. कोच म्हणायचा, “इंजिन, बस कर, आम्हाला जेवायला जायचंय.”

तो पडला त्या सकाळी पळतही नव्हता. हे तुम्हाला कोणी सांगितलंय का, मला माहीत नाही. सराव थांबला होता. पाण्याच्या बाटल्यांकडे आम्ही दोघं चालत येत होतो. मला म्हणाला, “लेस बांध, तोंडावर आपटशील.” मी वाकलो. वर बघितलं तर तो गवतावर पडला होता. संघाच्या डॉक्टरांनी छाती दाबली, यंत्र लावलं, सगळं केलं. मी बाजूला उभा राहून बघत होतो. तेव्हा काही वाटलं नाही. अजूनही फारसं वाटत नाही. लोक म्हणतात, रडून घे. मी ‘हो’ म्हणतो.

परवा क्लबने नेमलेल्या चौकशी समितीने ती यादी उघडली. बाईंनी मला बोलावलं. त्यांची खोली छोटीशीच आहे, टेबलावर रिकाम्या नळ्यांचे ट्रे, खिडकीत वाळलेलं झाड.

“दादाच्या डबीत काय होतं?” मी विचारलं.

“मक्याचं पीठ.”

“नुसतं पीठ?”

“नुसतं पीठ. खऱ्या गोळ्या तुमच्या डबीत होत्या.”

मग त्या रडल्या. मीच त्यांना पाण्याचा ग्लास दिला. काही तरी बोलायला हवं म्हणून विचारलं, “गोळ्यांचा उपयोग झाला का कोणाला?” म्हणाल्या, नाही. ज्यांनी खऱ्या घेतल्या त्यांचं रक्त कागदावर सुधारलं, पण पळणं तसूभर सुधारलं नाही. उलट पोकळ गोळ्यावाले किंचित पुढे गेले. थोडी जाळपोळ शरीराला लागतेच म्हणे, त्याशिवाय ते घट्ट होत नाही.

तर वहिनी, त्या गोळ्यांनी दादाला मारलं नाही. मला माहीत आहे, तुम्ही ती डबी जपून ठेवलीय, कोर्टात दाखवायची म्हणून. हे वाचून तुमच्या पायाखालची जमीन सरकेल. कोणाचा तरी राग करता येत होता तोवर निदान उठून बसता येत होतं. मलाही येत होतं. बाईंच्या खोलीतून बाहेर पडलो तेव्हा कोणाचा राग करावा हे सुचेना. मग बसस्टॉपवर बसून राहिलो. बस येत होत्या, जात होत्या.

आता दुसरं. हे लिहायचं म्हणून मी मघापासून नळ आणि डबे लिहीत बसलोय.

तुम्ही त्या डॉक्टरांना म्हणाला होतात, “हृदय बंद पडलं म्हणजे काय? मरताना सगळ्यांचंच बंद पडतं. का पडलं ते सांगा.” त्याचा सविस्तर अहवाल आलाय. दादाच्या हृदयाची भिंत जाड होती. जन्मापासून त्याच्या रक्तामांसातच ते होतं. वरून काही दिसत नाही, दम लागत नाही, आणि रक्त कितीही तपासलं तरी त्यात सापडत नाही. हृदयाची सोनोग्राफी केली असती तर सापडलं असतं. ती कोणाला सुचली नाही. इंजिनाला कोण तपासणार?

हे घराण्यात उतरतं. म्हणून डॉक्टरांनी मला बोलावलं. डाव्या कुशीवर झोपवलं, छातीवर थंडगार जेल लावलं. तपासणारी बाई हवापाण्याच्या गप्पा मारत होती, त्या अर्ध्यावर सोडून डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टरांनी पडद्यावर बघितलं. म्हणाले, “भावासारखंच आहे.” मी विचारलं, “शर्ट घालू का?”

एवढंच विचारलं, वहिनी.

औषध आहे, काळजी घेतली तर माणूस म्हातारा होतो, असं ते म्हणाले. फक्त धावायचं नाही. कोचने मला सामानाच्या खोलीची किल्ली दिलीय. बॉलमध्ये हवा भरतो, जाळ्या शिवतो. हे पत्र तिथेच बसून लिहितोय. बाहेर सगळे पळतायत, त्यांच्या बुटांचा आवाज येतोय.

माझं चालेल. मी माझ्यासाठी लिहीत नाहीये.

मागच्या फोनवर तुम्ही म्हणालात, चिंगीला शाळेच्या संघात घेतलं, मैदानावर सोडलं की तिचं मन रमतं, घरी आली की दादासारखीच सांडत-लवंडत जेवते. मी ‘अरे वा’ म्हणालो. तेव्हा अहवाल आला नव्हता. आता आलाय. बापाकडून मुलाबाळांत हे यायची शक्यता निम्मी असते, असं डॉक्टर म्हणतात. म्हणजे नसण्याचीही तेवढीच. पण बघावं लागेल.

येत्या सोमवारची वेळ घेऊन ठेवलीय, मुलांच्या डॉक्टरांची. सुई नाही, दुखत नाही, तेवढं जेल थंड असतं, ते तिला आधी सांगा. तुम्ही दोघी रविवारी या. मी न्यायला येतो. तुमच्या वडिलांना वाटत असेल आधी तिकडेच दाखवावं, तर तसं करा, पण दाखवा. आणि तोवर तिला पळू देऊ नका. खेळाच्या बाईंना आजच सांगा. हे वाचलं की लगेच, चहा ठेवायच्याही आधी.

ती भांडेल. बाबा गेला आणि आता बॉलही काढून घेता म्हणेल. माझ्यावर ढकला. काकाने सांगितलंय म्हणा. काका वाईट आहे म्हणाली तर हो म्हणा. तुम्हालाही कोणावर चिडावंसं वाटेल, तुमच्या हातातलं चिडण्याचं कारण मीच काढून घेतलंय. तर चिडा माझ्यावर. मला आता कशाचंच फार लागत नाही, त्यामुळे संकोच करू नका.

फक्त तिला घेऊन या.

रविवारी स्टेशनवर वाट बघणारा,
तुमचा भावजी
आणि तिचा काका